तुरुंगाचे दार उघडेल तेव्हा

मत्तयच्या शुभवर्तमानात, २५व्या अध्यायात, प्रभू येशू स्वतःला बंदिवानांमध्ये मोजतो. भेटायला येणाऱ्याने कैद्याचा गुन्हा आधी विचारावा, असे तो कुठेही म्हणत नाही.

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ साली केंद्राने विशेष माफी जाहीर केली. निम्मी शिक्षा भोगलेले साठीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया तिच्यात होत्या; जन्मठेपेचे कैदी मात्र वगळले गेले. ज्यांचे केस तुरुंगातच पांढरे झाले, तेच यादीबाहेर राहिले. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुदतपूर्व सुटकेचे धोरण असलेल्या राज्याने पात्र कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी करावा. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ज्याला लिहिता येत नाही, ज्याचे मागे कोणी नाही, त्याचा अर्ज कोण करणार?

ज्यांचे माणूस गेले, त्यांचे दुःख आम्ही विसरत नाही. त्यांचेही ऐकले जावे. पण आधाराशिवाय चार पावले न चालणाऱ्या म्हाताऱ्याला कोंडून ठेवल्याने कोणाचे रक्षण होते?

आणि सुटून तो जाणार कुठे? बायको देवाघरी गेलेली, मुलांनी नाते तोडलेले. इथे आपली परीक्षा आहे. नाताळात तुरुंगात फळे वाटून आपण परत येतो. त्याऐवजी आपल्या धर्मग्रामाने अशा एका तरी वृद्धाची खोली, जेवण आणि औषधपाणी अंगावर घ्यावे.

प्रभू, ते दार उघडेल तेव्हा आम्ही बाहेर उभे असू दे. आमेन.