बहुरूपी संगणक आणि शाळेतला खेळ



गावात येणारा बहुरूपी तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, काहींनी त्याच्याविषयी आजीकडून ऐकले असेल. माणूस एकच; पण आज तो फौजदार, उद्या साधू, परवा आणखी कोणी. संगणकही असाच बहुरूपी आहे, हे वाक्य पुस्तकात वाचून आपण परीक्षेत लिहितो, दोन गुणही मिळवतो. पण त्याला सोंग घेताना प्रत्यक्ष किती जणांनी पाहिले आहे?

ते पाहण्याचा एक सोपा मार्ग मी सुचवणार आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत एका छोट्या, एकाच बोर्डावर सामावलेल्या संगणकावर चाळीस वर्षांपूर्वीचे टीव्हीवरचे खेळ चालते करावेत. आणि हे काम विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने करावे. ‘खेळ’ हा शब्द वाचताच काही शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. म्हणूनच माझे म्हणणे जरा सविस्तर मांडतो.

प्रथम या छोट्या संगणकाची ओळख करून घेऊ. ‘रास्पबेरी पाय’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. याचा नेहमीचा बोर्ड सुमारे ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढा असतो. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतकी आज्ञावली लिहिण्याची सवय राहिलेली नाही, हे एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. घरोघरी संगणक होते, पण ते बंद पेटीसारखे. बिघडतील या भीतीने मुलांना आत डोकावू दिले जात नव्हते. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक हवा, या विचारातून हा बोर्ड जन्माला आला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. त्या वेळी त्याची किंमत ३५ डॉलर होती.

आपल्याकडची स्थिती याहून वेगळी आहे का? महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मला दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात, की ज्यांच्या खिशात उत्तम फोन असतो, पण त्यातील आज्ञावली कोठे साठवलेली असते, असे विचारले तर ते गप्प बसतात. दोष त्यांचा नाही. त्यांना मिळालेले प्रत्येक यंत्र आधीच मांडलेले आणि आधीच झाकलेले होते.

आता जुन्या खेळांकडे वळू. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळाचे यंत्र विक्रीस आणले. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे ‘व्हिडिओ गेम’ टीव्हीला जोडले जात, त्यांतील पुष्कळशी यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यात खुपसायच्या खोक्याला मुले ‘कॅसेट’ म्हणत. प्रत्यक्षात आत फीत नसून स्मृतीच्या चिप असत. या यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके घेई आणि त्याची कामापुरती स्मृती होती अवघी २ किलोबाइट. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ, त्यातील चित्रे व संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये मावला होता. तुम्ही वाचत आहात तो हा लेख देवनागरीत संगणकात साठवला, तर त्यालाच सुमारे २५ किलोबाइट लागतील!

हा खेळ रास्पबेरी पायवर कसा चालतो? दोघांचे प्रोसेसर निराळे, त्यांची भाषाही निराळी. फॅमिकॉमचा प्रोसेसर ६५०२ नावाच्या घराण्यातला. या घराण्यात १६९ या अंकाचा अर्थ ‘पुढचा अंक उचलून संचयकात ठेव’ असा होतो, तर २३२ चा अर्थ ‘क्ष नावाच्या कप्प्यात एक मिळव’ असा. रास्पबेरी पायच्या प्रोसेसरला हे अंक या अर्थाने कळत नाहीत. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. ही एक आज्ञावलीच असते. तिला ‘एम्युलेटर’ म्हणतात. ती खेळातला एक अंक वाचते, जुन्या यंत्राने त्याचा काय अर्थ लावला असता ते पाहते, आपल्या स्मृतीत मांडलेल्या लटक्या कप्प्यांत तसा बदल करते आणि पुढचा अंक वाचते. बस्स, एवढेच, पण सेकंदाला लाखो वेळा.

गावातला बहुरूपी फक्त वेष बदलतो; फौजदाराचे अधिकार त्याच्याकडे येत नाहीत. संगणकाचे सोंग मात्र आतूनही खरे असावे लागते. एक यंत्र योग्य सूचना मिळाल्यास दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते, हे ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९३६ साली कागदावर दाखवून दिले होते. संगणकशास्त्राचा हा पायाच होय. तो समजावून सांगायला फळा पुरतो. पण टीव्हीवर मारिओ उडी मारताना दिसला, की तो पटतो.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रास्पबेरी पायमध्ये ‘आर्म’ घराण्याचा प्रोसेसर असतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याचा पहिला आराखडा तयार केला आणि १९८५ साली तो प्रथम चालला. त्याआधी याच कंपनीने १९८१ साली ‘बीबीसी मायक्रो’ हा शाळांसाठीचा संगणक बनवला होता आणि त्याचा प्रोसेसर होता ६५०२! भारत सरकारने १९८४ साली शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा आपल्या शाळांत आला तो हाच बीबीसी मायक्रो. तेव्हा हा छोटा बोर्ड जुन्या यंत्राचे सोंग घेतो, तेव्हा एका अर्थी तो आपल्याच आजोबांची नक्कल करत असतो.

‘हे सारे ठीक, पण त्यासाठी खेळच कशाला?’ असे शिक्षक विचारतील. प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे, की खेळ हा फार कडक परीक्षक आहे. हिशेबाची आज्ञावली दोन सेकंद उशिरा संपली तर कोणाच्या लक्षात येत नाही. खेळात चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावे लागते, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात मूळ यंत्राचा प्रोसेसर सुमारे २९,७८० ठोके घेई. चित्रे काढणारी चिप वेगळी. तिचे ठोके याच्या तिप्पट. या सर्वांचा हिशेब नकलेत जुळावा लागतो. तो चुकला, तर संगीत बेसूर होते, मारिओ अडखळतो किंवा वाऱ्यासारखा पळत सुटतो, आणि पाचवीतले पोरही सांगते, ‘काहीतरी चुकले!’ असा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत किती आहेत, की ज्याचे उत्तर बरोबर की चूक हे शिक्षकाला विचारावे लागत नाही?

वेळेचे महत्त्व सांगणारे आणखी एक सुंदर उदाहरण आहे. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यात ११ आकृत्यांच्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू पडद्यावरून सरकत खाली येतात. प्रोसेसर इतका दुबळा, की दर चित्राला तो एकाच शत्रूला हलवी. त्यामुळे सर्व ५५ शत्रूंचे एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागे. शत्रू मरत गेले, तसे उरलेल्यांची पाळी लवकर येऊ लागली आणि त्यांचा वेग आपोआप वाढला. यंत्राची ही दुर्बलताच खेळाची रंगत झाली, आणि निशिकादो यांनी ती तशीच ठेवली. आता विचार करा: आजच्या वेगवान संगणकाने याची नक्कल करताना आपला सगळा वेग वापरला, तर? खेळ एका क्षणात संपेल. म्हणून चांगल्या एम्युलेटरला घाई न करण्याचीही शिस्त पाळावी लागते.

आता मांडणीकडे येऊ, कारण खरे शिक्षण तेथेच आहे. बोर्ड, ५ व्होल्टचा अडॅप्टर, स्मृतिपट्टी म्हणजे मायक्रो-एसडी कार्ड, टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल, कळफलक आणि खेळायचे दांडके एवढे साहित्य पुरते. ८-बिट खेळांसाठी जुना, स्वस्त बोर्डही चालतो. २०१६ सालच्या रास्पबेरी पाय ३ चा प्रोसेसर सेकंदाला १२० कोटी ठोके घेतो, ते या कामाला भरपूर आहेत. ‘रेट्रोपाय’सारखा एम्युलेटरांचा मोफत संच दुसऱ्या संगणकावरून कार्डावर उतरवायचा, कार्ड बोर्डात घालायचे आणि वीज द्यायची. कोणता संच कोणत्या बोर्डावर चालतो, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे पिवळे चिन्ह दिसले, तर? शाब्बास, पदार्थविज्ञानाचा तास सुरू झाला! हे चिन्ह बोर्डाला मिळणारा विद्युत्‌दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याची सूचना असते. अडॅप्टरवर तर ५ व्होल्ट छापले आहेत. मग दाब गेला कोठे? समजा, केबल बारीक तारांची आहे व तिचा एकूण रोध अर्धा ओहम आहे. १ अँपिअर धारा वाहिली, तर ओहमच्या नियमाने अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतो आणि बोर्डाला साडेचारच मिळतात. आखूड, जाड तारांची केबल लावा. चिन्ह नाहीसे होते. नववी-दहावीत पाठ केलेला नियम असा कोपऱ्यात उभा राहून बोलू लागला, तर तो कोण विसरेल?

पुढची पायरी म्हणजे स्वतःची कळ बसवणे. बोर्डाच्या कडेला ४० पिना असतात. त्यांपैकी एका आगम पिनेला आणि भूपिनेला साधी दाबकळ जोडून तिच्यावर मारिओला उडी मारायला लावता येते. या आगम पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब कधीही देऊ नये. बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. कळ एकदा दाबली तरी धातूचे टोक काही मिलिसेकंद थरथरते आणि संगणकाला ती अनेकदा दाबल्याचा भास होतो. त्यावर उपाय कसा करावा, हे मी सांगणार नाही, तुम्हीच शोधा.

चुका होणारच. पण येथे सारी व्यवस्था कार्डावर असते. मांडणी बिघडली, तर कार्ड पुन्हा लिहा. अर्ध्या तासात संगणक नवा. मुलांनी बिघडवावा आणि मुलांनीच दुरुस्त करावा असे दुसरे यंत्र शाळेत सहसा नसते. बाजारात हजारो खेळ भरलेल्या तयार पेट्या मिळतात, त्या घेऊ नका असे मी म्हणतो ते याचसाठी. त्यात खेळ मिळतो, शिक्षण गळून पडते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एम्युलेटर मोफत आहे म्हणजे खेळही मोफत झाला, असे नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण संगणकाच्या आज्ञावल्यांनाही आहे, आणि चाळीस वर्षे झाली म्हणून ते संपत नाही. त्या पेट्यांतले बहुतेक खेळ मालकाला न विचारता भरलेले असतात. शाळेने तरी तसे करू नये. काही जुन्या खेळांच्या मालकांनी ते विनामूल्य वापरायला परवानगी दिली आहे. असे थोडे खेळ ‘मेम’ या १९९७ पासून चालत आलेल्या एम्युलेटर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मिळतात. शिवाय जुन्या यंत्रांसाठी हौशी मंडळी आजही नवे खेळ लिहितात आणि खुशाल वाटतात. तेवढे आपल्याला पुरे.

मुलांना खेळाची चटक लागेल, ही भीती खोटी नाही. यावर माझा उपाय साधा आहे: जो मांडतो तो खेळतो, आणि खेळण्याआधी आज काय बदलले, ते वहीत लिहितो. संगणकाच्या खोलीत आठवड्यातून एक तास पुरे. शिक्षकाला सर्व काही आले पाहिजे, अशीही अट नाही. मुलांबरोबर शोधायला बसलेला शिक्षक मुलांना कमी वाटत नाही.

तेव्हा मित्रहो, हा अंक तुमच्या विज्ञानशिक्षकांना दाखवा आणि चार-पाच जणांचा गट करा. फॅमिकॉमची स्मृती दोन किलोबाइट होती. एवढे छोटे यंत्र संपूर्ण समजून घेणे शालेय विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे. आजचा फोन कोणालाही एकट्याने संपूर्ण समजणे शक्य नाही. चढायला शिकायचे, तर आधी टेकडी निवडावी. पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला, तर निराश होऊ नका. कार्ड काढा, केबल तपासा आणि वहीत पहिली नोंद करा.