विमानवाल्यांची लिमलेटची गोळी

बालमित्रांनो, नेहमीचा वाणी सामान बांधून झालं की तुमच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतो ना? गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून! विमान कंपन्याही तेच करतात. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी योजना काढली : जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, भरपूर साठले की फुकट तिकीट. रिकामी खुर्ची नाहीतरी उडणारच असते, मग कंपनीचं जातं काय? २०१६ मध्ये मात्र याच कंपनीने अंतर सोडून तिकिटाचे पैसे मोजायला सुरुवात केली. नियम त्यांचेच, बरं का!

आपल्याकडे विस्तारा २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा प्रवाशांचे गुण (परीक्षेतले नव्हेत!) नव्या खात्यात गेले. पण २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणंच थांबली. साठवलेल्या गुणांवर बसणार कशात?

आता गणित. एक तिकीट ५००० रुपयांचं, सामानाचे ५०० वेगळे. दुसरं ५६०० रुपयांचं, सामानासकट. वर २०० रुपयांचे गुण. आजी वर्षातून एकदाच विमानाने जाते, बाबा दरमहा. कोणी कुठलं घ्यावं? वहीत मांडा, आणि आईला दाखवा.