सात हिश्श्यांतले सहा

बँकवाला म्हटले की तिजोरी आणि व्याज डोळ्यांसमोर येते, पुढारी म्हटले की मतांसाठी वाटलेले पैसे. लंडनचा हेन्री थॉर्नटन बँकवालाही होता आणि खासदारही. व्याजाच्या धंद्याबद्दल आपले मत काहीही असो, कमावलेल्या पैशाशी हा माणूस कसा वागला ते पाहण्यासारखे आहे.

थॉर्नटनचा जन्म १७६० चा, लंडनजवळच्या क्लॅपमचा. वडील मोठे व्यापारी आणि दानशूर. १७८२ मध्ये त्याला हल शहरातून निवडणूक लढवण्याचा आग्रह झाला. तिथे प्रत्येक मतदाराला दोन गिन्या द्यायचा रिवाज आहे असे कळताच त्याने माघार घेतली. त्याच वर्षी तो लंडनच्या सदर्क भागातून उभा राहिला. तिथेही त्याने पैसे वाटले नाहीत. तरी तो निवडून आला आणि १८१५ मध्ये मरेपर्यंत तिथलाच खासदार राहिला.

लग्न होईपर्यंत तो उत्पन्नाचे सात हिस्से करी. सहा दानात जात, सातव्यावर त्याचे घर चाले. १७९६ मध्ये लग्न झाले, पुढे नऊ मुले झाली. मग दानाचा हिस्सा कमी झाला, पण देणे थांबले नाही.

गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून लढणारा विल्बरफोर्स त्याचा नातलग. काही वर्षे तो थॉर्नटनच्याच घरी राहिला. त्या घरी बसून ही मंडळी पुढच्या चाली आखत. १८०७ मध्ये कायदा झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची आफ्रिकेत वस्ती वसवण्यासाठी सिएरा लिओन कंपनी निघाली, तिचा अध्यक्ष थॉर्नटनच होता. १७९२ मध्ये फ्रीटाउन वसले. दोनच वर्षांत फ्रेंच जहाजांनी ते लुटले आणि कंपनी तोट्यात गेली.

या कामाला एक डागही आहे. जमिनीवर सारा लागणार नाही, या वचनावर ती माणसे समुद्र ओलांडून आली होती. कंपनीने मात्र पुढे सारा मागितला. असंतोष वाढत गेला आणि १८०० मध्ये बंड झाले. गरिबाला दान देणे सोपे, त्याला दिलेला शब्द पाळणे अवघड. थॉर्नटनसारख्या माणसाच्या कंपनीलाही ते जमले नाही.

१८०२ मध्ये त्याने कागदी चलन आणि पत यांवर एक ग्रंथ लिहिला. घबराट पसरली की बँक ऑफ इंग्लंडने हात आखडू नये, चांगल्या पेढ्यांना कर्ज द्यावे, पण बेफिकीर पेढ्यांना वाचवत बसू नये, असे त्याचे म्हणणे. आजही अर्थशास्त्रज्ञ हा ग्रंथ वाचतात. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८२५ च्या डिसेंबरात, ज्या पेढीत त्याचा मुलगा भागीदार होता ती त्याचीच जुनी पेढी बुडाली. बँक ऑफ इंग्लंडने मोठी रक्कम देऊनही ती तरली नाही.

१८१५ च्या जानेवारीत थॉर्नटन गेला, त्याच वर्षी त्याची पत्नीही गेली. नऊ पोरक्या मुलांना एका स्नेही दांपत्याने सांभाळले. थोरली मुलगी मॅरिअ‍ॅन नव्वदीपर्यंत जगली. भावाच्या-बहिणीच्या लेकरांत तिचे आयुष्य गेले. मरताना तिने बहिणीच्या लहान नातवाच्या नावे आठ हजार पौंड ठेवले. त्या पैशावर तो केंब्रिजला शिकला आणि लेखक झाला. तो म्हणजे ई. एम. फॉर्स्टर. हिंदुस्थानावरची आपली प्रसिद्ध कादंबरी त्याने १९२४ मध्ये आपल्या जिवलग मित्राला, सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांना अर्पण केली.

पेढी बुडाली, कंपनीही तोट्यात गेली. दुसऱ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मात्र कुठून कुठे पोहोचले. आपल्या घरात महिन्याचा हिशेब मांडताना तो हिस्सा पहिल्या ओळीत असतो की शेवटच्या, हे ज्याने त्याने पाहावे. मुलेही तो हिशेब पाहत असतात.