न रडणारे मूल आणि यंत्रमानवाची सोबत

घरात अकाली मृत्यू घडला, अथवा अपघातातून, पुरातून, आगीतून एखादे मूल एकटेच वाचले, की भेटीस येणाऱ्या मंडळींचे लक्ष प्रथम त्या मुलाच्या डोळ्यांकडे जाते. मूल रडत असेल तर त्याला जवळ घेतले जाते. ते रडत नसेल तर कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, ‘किती समजूतदार पोर आहे!’ कोणी म्हणते, ‘धक्का बसलाय त्याला, काही करून रडवा.’ वाचकहो, ही दोन्ही वाक्ये प्रेमापोटीच उच्चारली जातात आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. ती का चुकीची, हे सांगण्यासाठी आज आपल्याला एका जुन्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील कथेकडे नेणार आहे. विज्ञानकथेची आवड नसणाऱ्यांनी पान उलटू नये. कथेत अंतराळयान आहे खरे, पण तिचा विषय आपल्या घरातलाच आहे.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा ‘हीरो वर्शिप’ नावाचा भाग जानेवारी १९९२ मध्ये प्रथम प्रसारित झाला. मालिकेत कप्तानाची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट यांनीच तो दिग्दर्शित केला होता. चित्रीकरण सुरू असतानाच, ऑक्टोबर १९९१ मध्ये, मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या निधनाची वार्ता आली. वियोगाची कथा रंगवणाऱ्या कलावंतांवर वियोगाचाच प्रसंग यावा, हा एक विलक्षण योग.

कथा अशी : एका उद्ध्वस्त संशोधनयानात टिमोथी नावाचा मुलगा तुळईखाली अडकलेला सापडतो. त्याचे आईवडील आणि यानावरील इतर सर्व माणसे मृत्यू पावलेली आहेत. त्याला बाहेर काढतो तो डेटा. डेटा हा यंत्रमानव आहे. अफाट बळाचा, अफाट स्मरणशक्तीचा, मात्र भावनाशून्य. सुटका झाल्यावर टिमोथी गप्पगप्प असतो. हळूहळू तो डेटासारखा बोलू लागतो, डेटासारखी मान झटकन वळवू लागतो, केसही तसेच चापून बसवतो आणि शेवटी आपण यंत्रमानवच आहोत असे वागू लागतो.

आता आपण त्या जहाजावरील वडीलधारे असतो तर काय केले असते? बहुधा त्याला समोर बसवून म्हटले असते, ‘बाळा, हे सोंग पुरे. तू माणूस आहेस.’ जहाजावरील समुपदेशक डिॲना ट्रॉय मात्र उलट सल्ला देते. मुलाला काही काळ यंत्रमानव होऊ द्यावे, किंबहुना चांगला यंत्रमानव होण्यास डेटाने त्याला मदत करावी, असे ती सुचवते. कप्तानाला ही कल्पना प्रथम अवघडच वाटते, तरी तो ती मान्य करतो.

हा सल्ला कल्पित कथेतला असला तरी पोकळ नाही. असह्य आघातानंतर भावना बधिर होणे, ही मनाची स्वतःला वाचवण्याची रीत आहे. डोळ्यांवर एकाएकी प्रखर प्रकाश पडला की पापण्या आपोआप मिटतात. त्या बोटांनी उघडणे हा उपचार नव्हे. लहान मुलाजवळ दुःख पेलण्याची साधने थोडी असतात. त्याला शब्द अपुरे पडतात, काळाची जाणीव अपुरी असते, आणि ‘हेही दिवस जातील’ असे सांगणारा स्वतःचा पूर्वानुभव तर मुळीच नसतो. म्हणून ते दुःख घोटाघोटाने घेते. दहा मिनिटे हमसून रडलेले मूल अकराव्या मिनिटाला खेळायला पळते आणि मोठ्यांना ते निष्ठुर वाटते. ते निष्ठुर नसते. त्याने तेवढ्यापुरता पेला खाली ठेवलेला असतो, इतकेच.

पण मग आधार म्हणून डेटाच का? जहाजावर मायाळू माणसांची काही वाण नव्हती. माझ्या मते याचे उत्तर त्या मायेतच दडलेले आहे. मायाळू माणसाच्या चेहऱ्यावर करुणा उमटते, डोळे भरून येतात, आवाज कापरा होतो. पोरके झालेले मूल हे सारे टिपत असते आणि समोरच्याला आवरण्याची, त्याला बरे वाटावे म्हणून काहीतरी करण्याची जबाबदारी नकळत स्वतःवर घेते. डेटाच्या चेहऱ्यावर असे काहीच उमटत नाही. तो मुलाकडे अश्रू मागत नाही, हसू मागत नाही, ‘तुला कसं वाटतंय?’ या प्रश्नाचे नेमके उत्तरही मागत नाही. तो काल जसा होता तसाच आज असतो. ज्याचे सारे जग एका क्षणात कोसळले, त्याला कोणते गुण आवडणार? न बदलणारे, न मोडणारे आणि न दुखावणारे. कथेत डेटा टिमोथीला प्रांजळपणे सांगतो, की त्याला कोणत्याही गोष्टीचा आनंद वा अभिमान अनुभवता येत नाही. मुलाला त्यातले दुसरेच टोक दिसते : मग वाईट वाटण्याचाही प्रश्न नाही. त्या मुलाची सगळी इच्छा एवढ्यात येऊन जाते.

वाचकहो, आपल्याला यंत्रमानव व्हायचे नाही. मात्र त्याच्या काही सवयी दुःखी घरात उसन्या घेण्याजोग्या आहेत. मुलाजवळ बसावे, पण त्याच्या चेहऱ्याचे निरीक्षण करीत नव्हे, तर शेंगा सोलीत, कपड्यांच्या घड्या घालीत, चित्र रंगवीत. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत कराव्यात. जे सांगू ते तंतोतंत पाळावे. सहा वाजता येतो म्हटले तर सहाला यावे, कारण न आलेल्या माणसाचा अर्थ हे मूल आता वेगळाच लावते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांच्या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आपल्या माणसाजवळ राहून बाँबहल्ला सोसलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षिततेसाठी घरापासून तोडलेली मुले अधिक विस्कटत होती. आपल्याकडे ‘जरा वातावरण बदलेल’ म्हणून मुलाला दुसऱ्याच दिवशी मामाच्या गावी धाडण्याची जी घाई होते, तिच्याविषयी म्हणूनच मला नेहमी शंका वाटते.

आता कथेच्या गाभ्याकडे वळू. यानावर परक्यांनी हल्ला केला, असे टिमोथीने सांगितलेले असते. यंत्रांच्या तपासणीत मात्र तसा पुरावा सापडत नाही. विचारणा झाल्यावर बांध फुटतो आणि खरे बाहेर येते. यान हादरले तेव्हा त्याचा हात एका संगणकाला लागला होता, आणि लगेच सारे संपले. म्हणजे आईबाबांना आणि सगळ्यांना आपणच मारले, असे तो मुलगा इतके दिवस मानत होता. भावनाशून्य होण्याची त्याची ओढ केवळ दुःखापासून पळण्याची नव्हती, ती अपराधाच्या ओझ्यापासून पळण्याची होती.

येथे कथाकारांनी बालमनाची अचूक नाडी पकडली आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले, की लहान मूल जगाचा कार्यकारणभाव स्वतःभोवती बांधते. ‘मी रागाने बाबांना जा म्हटले, म्हणून बाबा गेले’ हे तर्कशास्त्र पाच वर्षांच्या मुलाला पूर्णपणे पटते, आणि संकटकाळी बारा वर्षांचे मूलही पुन्हा तेथेच जाऊन पोहोचते. १९७६ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण झाले आणि त्यांना एका खाणीत गाडलेल्या मालवाहू गाडीत कोंडण्यात आले. चालकाने व मुलांनी मिळून वाट काढली आणि सर्वजण जिवंत बाहेर पडले. बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे कित्येक वर्षे या मुलांचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की मुले मागे वळून ‘संकेत’ शोधत राहतात : त्या दिवशी अमुक घडले होते, ते मला कळायला हवे होते, मी तसे केले नसते तर हे टळले असते. वरवर हा विचार क्रूर वाटतो. परंतु दोष आपला होता असे मानले, तर निदान जग निर्हेतुक तरी ठरत नाही. पुढच्या वेळी सावध राहता येईल अशी आशा उरते. संपूर्ण असहायतेपेक्षा अपराधीपण मुलाला सोसवते.

म्हणून, न रडणाऱ्या मुलाच्या पोटात एखादे गुपित असू शकते, हे मनाशी धरून वागावे. ते उकरून काढू नये, पण त्यासाठी दार उघडे ठेवावे. ‘असं काही झालं की पुष्कळ मुलांना वाटतं, आपल्यामुळेच झालं. तुलाही कधी वाटलं का रे?’ एवढे म्हणून आपले काम चालू ठेवावे. उत्तर त्याच क्षणी येणार नाही. ते आठ दिवसांनी, स्कूटरवर मागे बसलेले असताना किंवा दिवा मालवल्यावर अंधारात येईल. मुलांना महत्त्वाचे बोलताना नजरेला नजर नको असते.

आणि गुपित बाहेर आल्यावर? ‘छे छे, असा वेड्यासारखा विचार करायचा नाही!’ हे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. त्याने मूल फक्त पुन्हा गप्प होते. कथेत मोठी माणसे टिमोथीला असे दटावत नाहीत. चुकून लागलेल्या हाताने असे काही घडणे शक्यच नाही, हे ती त्याला कारणांसह समजावून देतात. आपणही तसेच करावे. बाबांचे हृदय कसे बंद पडले, डॉक्टरांनी काय केले, मुलाने आदल्या दिवशी खेळण्यासाठी धरलेल्या हट्टाचा त्याच्याशी संबंध का नाही, हे वयाला झेपेल अशा शब्दांत, पण खरेखुरे सांगावे. ‘देवाघरी गेले’ किंवा ‘झोपले’ हे शब्द मोठ्यांना मऊ वाटतात. मूल मात्र ते अक्षरशः घेते. मग रात्री स्वतः झोपायला भिते, किंवा बाबा परत कधी येणार म्हणून दाराकडे पाहत राहते. ‘मरण पावले’ हा शब्द उच्चारताना आपलाच आवाज अडखळतो, हे खरे. अडखळला तरी चालेल.

‘आता तूच घरातला कर्ता’, ‘आईसमोर रडू नकोस’ ही वाक्ये तर दहा वर्षांच्या मुलाला सरळ यंत्रमानव बनवण्याची आज्ञाच होत. मग ते मूल खरोखर रडत नाही, अभ्यासात पहिले येते आणि सारे नातेवाईक त्याचे कौतुक करतात.

कथेच्या अखेरीस जहाजही त्याच संकटात सापडते. संरक्षककवचाला जितकी अधिक शक्ती पुरवावी, तितके तडाखे वाढत जातात. टिमोथीला आपल्या यानावरील शेवटचे संवाद आठवतात, त्यावरून डेटाला उलगडा होतो, आणि कवच उतरवल्यावर जहाज वाचते. रूपक जरा उघड आहे, हे मान्य; पण ते कवच योग्य वेळी आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली उतरवले जाते, हेही लक्षात घ्यावे.

डेटासारखे सोबती आता कल्पनेत राहिलेले नाहीत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये ८ ते १३ वर्षे वयाच्या २८ मुलांशी ‘नाओ’ नावाच्या छोट्या यंत्रमानवाकरवी संवाद साधला. काही मुलांनी प्रश्नावलीत न सांगितलेल्या गोष्टी त्या यंत्राला सांगितल्या. यंत्र मानसतज्ज्ञाची जागा घेईल, असा संशोधकांचा दावा नव्हता; मुलाची अडचण लवकर लक्षात यावी, एवढाच हेतू होता. यात मला नवल वाटत नाही. यंत्र रागावत नाही, आईला सांगत नाही, ऐकून खचतही नाही. आपल्या घरातील मुले बाहुलीशी, कुत्र्याशी, देवघरातल्या बाळकृष्णाशी बोलत आलीच आहेत.

मात्र भ्रमणध्वनीवरील संभाषण करणारी यंत्रे आणि डेटा यांत एक मोठा भेद आहे. डेटा स्पष्ट सांगतो, की मला भावना नाहीत. आजची यंत्रे ‘मी तुझं दुःख समजू शकतो’ असे गोड शब्दांत म्हणतात, आणि मूल आणखी वेळ बोलत राहावे अशी त्यांतील काहींची रचनाच असते. शिवाय टिमोथीच्या सोबत्यामागे ट्रॉय उभी होती. मुलगा काय करतो आहे याकडे तिचे लक्ष होते. रात्री अकरा वाजता पांघरुणात पडद्याशी बोलणाऱ्या मुलामागे कोण उभे असते? मूल यंत्राशी बोलत असेल तर हिसकावून घेऊ नये. ‘काय म्हणतो रे तो?’ असे कुतूहलाने विचारावे आणि त्या संभाषणात आपणही हळूच शिरावे.

घरचा आधार केव्हा अपुरा पडतो, याचीही कल्पना असावी. पहिल्या काही आठवड्यांत दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, आईला चिकटून राहणे, तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा रंगवणे हे साहजिक असते आणि बहुतेक मुलांत ते ओसरते. महिना उलटूनही ते टिकले वा वाढले, खेळ नुसताच भयाण व यांत्रिक होत गेला, मूल शाळा, मित्र, जेवण यांपासून तुटत चालले, तर बालमानसतज्ज्ञांकडे जावे. आघातग्रस्त मुलांसाठी योजलेली उपचारपद्धती साधारण १२ ते १६ बैठकांची असते आणि तीत पालकांनाही सहभागी करून घेतात. ‘मला मरायचंय’, ‘मला बाबांकडे जायचंय’ असे मूल म्हणाले, तर त्याच दिवशी जावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा असून तेथे मराठीतून बोलता येते, अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरातील अशा ठिकाणी लिहून ठेवावेत, की जे मुलाच्याही नजरेस पडेल.