हसणाऱ्यांचे व्याकरण

अकोल्याकडचे पोर पुण्याच्या वर्गात उभे राहते, ‘माह्या डोया दुखून रायला’ म्हणते आणि वर्ग खिदळतो. मास्तरही खिदळतात. डोळा दुखतोय त्याची चौकशी कोणी करत नाही.

भाषाविज्ञानाचा पहिला धडा साधा आहे: माणसे कशी बोलतात ते ऐका, टिपून ठेवा, त्यातला नियम शोधा. निवाडा करू नका. असे ऐकणाऱ्याला वऱ्हाडीतला ‘ळ’ लहरीने बदलत नाही हे लगेच कळते. डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया: नियमच आहे तो. प्रमाण हिंदीत तर ‘ळ’ मुळातच नाही, पण दिल्लीकराला गावंढळ म्हणण्याची आपली छाती नाही. ‘पानी’ ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी संस्कृतातला ‘पानीय’ही आठवावा. त्यातल्या ‘न’चा ‘ण’ प्राकृत बोलणाऱ्यांनी केला. तो आज शुद्ध ठरला!

म्हणजे हसू उच्चाराचे नाहीच. जात उघडपणे विचारायची लाज वाटते, म्हणून आपण ‘ण’ तपासतो. मुलाखतीत तपासतो, स्थळ बघताना तपासतो. ही खोड जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, त्यावर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाला’ मासिकातून त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. गुलामीचा जाब विचारणाऱ्यालाच उलट व्याकरणाचा जाब!

हे ‘शुद्ध’ व्याकरण तरी किती जुने? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. त्याच सुमारास पुण्याच्या ब्राह्मणी बोलीला प्रमाणपद मिळत गेले. छपाईला, कारभाराला एक ठरीव रूप लागते, हे मान्य. पण आपण त्या सोयीला सोवळे नेसवले. पुढे त्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात, ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी भाषाविज्ञानाचे काम केले, मराठीतून लिहिलेही. एवढे घराजवळचे शास्त्र आपण एम.ए.च्या वर्गापुरते ठेवले आणि पहिलीच्या मास्तरांच्या हाती लाल शाई तेवढी दिली.

वऱ्हाडी पोर निदान मराठीच्या अंगणात तरी असते. सातपुड्यातल्या भिली बोलणाऱ्या पोराला तेवढेही नाही. २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे एक कोटी चार लाख होते, संस्कृत सांगणारे २४,८२१. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत संस्कृत आहे, भिली नाही. संस्कृतचा मान कोणाला खुपत नाही. पण एक कोटी माणसांचे बोलणे आपल्या लेखी अजून ‘बोली’च आहे. त्यांची पोरे पहिल्या दिवशी अनोळखी मराठीसमोर गप्प बसतात, पुढे शाळा सोडतात, आणि आपण शेरा लिहून मोकळे होतो: अभ्यासात गोडी नाही.