घोड्यावरचा विसावा

परवा निपाणीहून तंबाखूचे एक व्यापारी आपल्या मुलाला घेऊन बेळगावी माझ्या शिकवणीवर आले. मुलाने गाणे शिकावे ही इच्छा होतीच, पण तिच्यामागे दुसराच हेतू होता. "बुवा, ह्याला गाण्यात अडकवा बघा. रात्र-रात्र पडद्यावर राक्षस मारत बसतोय. गाण्याच्या नादानं तरी ते सुटेल." सोळा-सतरा वर्षांचा तो मुलगा मान खाली घालून बसला होता. मी चेहरा गंभीर केला खरा, परंतु त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. कारण तोच खेळ माझ्या घरी, तंबोऱ्याच्या शेजारच्या खोलीत आहे, आणि मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

वाचकांनी हसावे, हरकत नाही. मात्र पालकांची फिर्याद आपण रोज ऐकतो. आरोपीची कैफियतही कुणीतरी मांडली पाहिजे.

माझे वडील दरबारी गवई. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन दरबारात बसत. दरबार गेला, अदब राहिली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, तरी तिचा वाटा मला पुरेपूर मिळाला. २०२१ च्या करोनाच्या लाटेत ते कोल्हापुरास वारले. मी बेळगावात. हद्द ओलांडायला चाचणीचा दाखला लागे. माझा हाती येईपर्यंत दीड दिवस गेला आणि मी पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. अंतर अवघे एकशेदहा किलोमीटर!

त्यानंतर चार महिने मला षड्ज लावता येईना. गळ्याला काही झाले नव्हते. पोटासाठी शिकवणी चालू होती, स्वतःचे गाणे मात्र बंद. तेव्हा भाच्याने आपले यंत्र आणून जोडून दिले व म्हणाला, "मामा, नुसतं फिरा ह्यात." खेळाचे नाव 'द विचर ३', पोलंडमधील एका कंपनीने २०१५ साली काढलेला, सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर बेतलेला. त्यात आपण गेराल्ट नावाचा, राक्षसांची शिकार करून पोट भरणारा भटका होतो. मी राक्षस फारसे मारलेच नाहीत. रोच नावाच्या घोडीवर बसून दलदलीच्या कडेने, वाऱ्यात वाकणाऱ्या झाडांखालून जात राही. एके रात्री पाँटार नदीच्या पुलावर शिपायांनी अडवले. परवाना कुठे आहे? वडील गेल्यापासून मी त्या रात्री प्रथम हसलो, आणि हसता हसता रडलो. फरक इतकाच, की तिथे परवाना नसला तरी नदी पोहून पलीकडे जाता येते. मी गेलो.

त्याच खेळात नॉव्हिग्राड शहरातल्या एका मद्यगृहात प्रिसिला नावाची गायिका गाते. खेळणाऱ्याने तेवढा वेळ काही करायचे नसते, नुसते ऐकायचे. चित्र श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरही रेंगाळते. ज्याने हे योजले त्याने चांगली मैफल कधीतरी नक्की अनुभवली असली पाहिजे. इतरत्र 'पर्सिव्हल' नावाच्या लोकसंगीत पथकाचे आवाज आहेत. ते ऐकताना मला सौंदत्तीच्या वाटेवरच्या जोगतिणींचे उघडे गळे आठवले.

हा पळपुटेपणा आहे, असे म्हणतात. टोल्किन यांनी १९३९ सालच्या एका व्याख्यानात, कैदेतून सुटू पाहणारा आणि रणातून पळणारा यांच्यात गल्लत करू नका, अशा आशयाचे उत्तर देऊन ठेवले आहे. पण इतके दूर कशाला? निपाणीपासून जवळच एकसंब्याला जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी घ्या. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या कथा कोणत्या नकाशावरच्या मुलखात घडतात? त्या वाचणाऱ्याला पळपुटा म्हटल्याचे ऐकिवात नाही. आमच्या बेळगावात पोरे दिवाळीला मातीचे किल्ले रचतात, आणि शिवजयंतीच्या चित्ररथावर बँकेतला कारकून रात्रभर मावळा होऊन उभा राहतो. त्याला आपण हौस म्हणतो.

त्या व्यापाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या अनावर नादाला आजारांच्या यादीत घातले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनेच बंदीचा कायदा केला, ते उत्तमच झाले. पण जुगार आणि कथा यांना एकाच पोत्यात भरू नये. मी स्वतःही एकदा पहाटेपर्यंत खेळत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी यमन शिकवताना भलत्याच जागी शुद्ध मध्यम लावला. शिष्येने अदबीने चूक दाखवली. तेव्हापासून रात्री अकराला यंत्र बंद.

त्या खेळातली संध्याकाळ फार सुरेख असते. अशाच एका संध्याकाळी घोडी टेकडीवर उभी असताना आपण मारवा गुणगुणतो आहोत असे ध्यानात आले. वडिलांचा आवडता राग. रिमोट खाली ठेवला आणि शेजारच्या खोलीत जाऊन तंबोऱ्याची गवसणी काढली. जवारी पार बिघडली होती; त्या रात्री तशीच गायलो.

निपाणीच्या मुलाला मी शिकवणीस ठेवून घेतले आहे. त्याचे वडील फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा मी हळूच विचारले, "पाँटार कशी ओलांडलीस रे?"

तो दचकला. मग म्हणाला, "पोहून. आणि बुवा, तुम्ही?"