घर बहिणीचं, राहणं भावाचं, विमा कुणाचा?

बाईच्या नावावर घर झालं की आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा कार्यक्रम झाला. १९९४ साली महाराष्ट्रानं वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला (आधीच लग्न झालेल्या मुलींना मात्र वगळलं), आणि २००५ साली हा हक्क देशभर आला. पण कागद हाती आल्यावर त्या घरात राहतं कोण, हे आपण किती जणींना विचारतो?

बहुतेक वेळा भाऊ राहतो. नाहीतर दीर, भाचा. भाडं नाही, करार नाही. 'आपलाच तर आहे.'

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. गंगेकाठचं जुनं दोन खोल्यांचं घर आईनं त्यांना बक्षीसपत्रानं दिलं. बाई सिडकोत सासरी, घरात भाऊ आणि त्याचा संसार. ऑगस्ट २०१९ मध्ये दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा या घराची मागची भिंत कोसळली. पंचनाम्यात दारात उभ्या असलेल्या भावाचं नाव लागलं. भिंतीचा खर्च निघाला तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, घर तुझं आहे, तूच बघ." बाईंनी मंगळसूत्रातले मणी तेवढे ठेवले, सोनं मोडलं. वर्षभरानं घर विकायचा विषय काढला, तर तोच भाऊ म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही राहतोय, घर आमचं आहे."

म्हणजे भिंत पडली की मालकी बहिणीची, आणि विकायचं म्हटलं की भावाची! पुरुषप्रधान व्यवस्थेचा इतका सोयीचा हिशेब दुसऱ्या कुठल्या वहीत सापडणार नाही.

त्या घराचा विमा नव्हता. पुरापूर्वी बाईंनी एका एजंटाला विचारलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही तिथे राहत नाही ना? मग भावालाच घेऊन या." हे साफ चूक आहे. इमारत पडली तर नुकसान मालकाचं होतं, म्हणून भिंती, छप्पर, फरशी यांचा विमा मालकिणीनं काढायचा. ती तिथे राहते की नाही, यावर तिचं मालकीण असणं ठरत नाही. मात्र अर्जात खरं लिहावं : घरात भाऊ राहतो, विनाभाडे राहतो. हे लपवलं तर दाव्याच्या वेळी कंपनीला निमित्त मिळतं. भावाची टीव्ही, फ्रिज, कपाटं ही भावाची; त्यांचा विमा त्यानं काढावा. आणि इमारतीचा विमा भावाच्या नावानं मुळीच काढू देऊ नये. मालक नसलेल्याचा दावा अडतो हा एक तोटा, आणि त्याच्या हाती आणखी एक कागद जातो हा दुसरा.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावीच लागते. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर सगळं येतं. रक्कम ठरते ती पुन्हा बांधायच्या खर्चावर, जागेच्या बाजारभावावर नाही. त्यामुळे जुन्या गावठाणातल्या लहान घराचा हप्ता आपण धरून चालतो तितका मोठा नसतो. २००८, २०१६, २०१९ असे तीन पूर पाहिलेल्या नाशिककर बाईला याहून वेगळं काय समजवायचं?

"भावावर भरवसा नाही का?" हा प्रश्न येणारच. भाऊ आपली मोटारसायकल मेव्हण्याला चालवायला देतो, तेव्हा विमा स्वतःच्याच नावावर ठेवतो. तिथे कुणाचा भरवसा मोडत नाही. बहिणीनं पावती मागितली की मात्र माहेर तुटतं! साडीचोळीवर हक्कसोड पत्राची सही घेणारं माहेर हेच.

कायदा या बाबतीत बहिणीच्या बाजूनं बोललेला आहे. गोव्यातल्या मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या घरात त्यांचा भाऊ राहत होता, आणि ताबा आपलाच असल्याचा दावा घेऊन तो कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१२ मध्ये निकाल दिला : फुकट राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षं राहिला तरी, त्या जागेत मालकी मिळत नाही. पण त्यासाठी बाईंना दिल्लीपर्यंत लढावं लागलं. खालच्या कोर्टात, आपल्या तालुक्याच्या गावी, भाऊ आपल्या परवानगीनं राहत होता हे कशानं दाखवायचं? तर घरपट्टीची पावती, भावानं सही केलेली एक साधी चिठ्ठी ('बहिणीच्या संमतीनं, विनाभाडे राहतो'), आणि दरवर्षी तिच्या नावानं नूतनीकरण होणारी पॉलिसी. पॉलिसीनं मालकी सिद्ध होत नाही, ती खरेदीखतानं, बक्षीसपत्रानंच होते. पण घरावर लक्ष आणि खर्च कुणाचा होता, हे त्या कागदांवर दिसतं.

म्हणून बचत गटांच्या बैठकीत उताऱ्यावर नाव लागलं का, एवढंच विचारून थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा. आणि एजंट 'भावाला घेऊन या' म्हणाला, तर नकार लेखी मागा. आमच्या त्या बाईंनी गेल्या जूनमध्ये दुसऱ्या कंपनीत अर्ज भरला. 'घरात कोण राहतं' याच्यापुढे त्यांनी भावाचं नाव लिहिलं, आणि 'मालक' या शब्दाला वेलांटी आणि 'ण' जोडून तो 'मालकीण' करून घेतला.